आई पडण्याच्या भीतीने बसूनच आहे. तिला चालवू की बसू देऊ?

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका गावातून एका मुलाने विचारलं आहे. आईचं वय ७४. गेल्या जूनमध्ये सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना अंगणाच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघून चार महिने झाले. हाड नीट जुळलंय, एक्स-रे चांगला आहे. पण आई खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते, तेवढंच. तुळस नाही, देऊळ नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की पूर्वी तीच फाटकापर्यंत जायची, आता तेही नाही. "आम्ही सगळं हातात आणून देतो. डॉक्टर म्हणतात, चालवा. चालवली आणि परत पडली तर? कोणता व्यायाम द्यावा?"

मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते, आणि त्यातलं बरंच काम फोंडा, डिचोली, साखळी भागात लोकांच्या घरी जाऊन केलंय. पावसाळा सरला की अशी घरं दरवर्षी भेटतात. व्यायाम सांगतेच, पण खरा पेच व्यायामाचा नाही. तुमच्या आईंचा स्वतःच्या पायांवरचा भरवसा उडालाय, आणि घरातल्या सगळ्यांनी नकळत त्याला दुजोरा दिलाय. पाणी हातात, ताट हातात, "तू उठू नकोस, मी आणतो." सगळं प्रेमानेच चाललंय. पण दिवसातून दहा वेळा त्यांच्या कानावर एकच गोष्ट पडते आहे, की तुला जमणार नाही.

तरीही त्यांची भीती खोटी ठरवू नका. "काही होत नाही गो, चल" असं म्हणून हात धरून ओढू नका. भीती ही एक गोष्ट आहे आणि पडण्याचा धोका ही दुसरी. काही जण भितात खूप आणि पाय बऱ्यापैकी धड असतात. काही जण अजिबात भीत नाहीत आणि पाय लटपटत असतात. त्यांची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र मला वाटतं की भीती आता हळूहळू खरी होत चालली आहे. धडधाकट ज्येष्ठांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला होता. तुमच्या आई अंथरुणात नाहीत हे खरं, पण जूनपासूनचा हिशेब करा. पाय कमी झाले असणार, आणि ते त्यांना आतून कळतंय.

दुसरं म्हणजे भीती चालच बदलून टाकते. डिचोली तालुक्यातल्या एका आजींना पाहायला गेले होते. आत शिरल्या शिरल्या भिंतीकडे लक्ष गेलं. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, कमरेच्या थोडं वर, एक मळकट पट्टा होता, खाटेपासून न्हाणीच्या दारापर्यंत. हात टेकून टेकून उमटलेला. दाराशी तो पट्टा तुटत होता, आणि त्या दोन हातांच्या मोकळ्या जागेत आजी थांबायच्या. मी खाली बसून त्यांचे पाय पाहिले. बोटं लादीवर अशी रोवली होती की नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. गुडघे ताठ, नजर खाली, श्वास कोंडलेला. मी सहज विचारलं, "आजी, जेवलात?" तर उत्तर द्यायला त्या चालायच्या थांबल्या. चालता चालता बोलता न येणं ही आमच्या दृष्टीने धोक्याची खूण असते. सगळं लक्ष पाय टाकण्यातच खर्ची पडतंय असा त्याचा अर्थ.

आपण नुसते उभे असतो तेव्हाही शरीर थोडं कलतं आणि लगेच सावरतं, दिवसभर हे चाललेलं असतं. घोटे आणि कंबर हे काम करतात. घाबरून ताठ झालेल्या माणसाचे सांधेच अडकल्यासारखे होतात, मग छोटासा हेलकावाही सावरता येत नाही. म्हणजे पडू नये म्हणून शरीर जे करतं, त्यानेच पडणं सोपं होतं. हे आईंना त्यांच्या शब्दांत समजावून सांगा. भित्रेपणाचा ठपका नाही, शरीराची एक सवय आहे आणि ती सोडवता येते, हे कळलं की पुष्कळ जणांना हायसं वाटतं.

आता ज्या गोष्टींवर माझं उत्तर अवलंबून आहे, त्या. मी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी हे करून घ्या.

त्यांना शांतपणे, एकटं असताना विचारा: पाय घसरला, की आधी डोळ्यांपुढे अंधारी आली? "घसरले" हे कारण पुष्कळदा नंतर जुळवलेलं असतं. अंधारी आली असेल, छातीत धडधडलं असेल, पडतानाचं आठवतच नसेल किंवा त्यानंतरही एकदा-दोनदा तोल गेला असेल, तर माझ्याआधी डॉक्टर. रक्तदाब आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर उठल्याबरोबर तोल जाण्याचं कारण तिथेच सापडतं. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, विशेषतः झोपेच्या आणि रक्तदाबाच्या. स्वतः कुठलीही बंद करू नका. मधुमेह असेल तर तळव्यांना स्पर्श कळतो का, ते पाहून घ्या. मोतीबिंदू असेल तर लांबणीवर टाकू नका. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर पायरी उतरताना खालच्या वाचायच्या काचेतून पायरी अंधुक दिसते, हेही लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट जी घराघरांत राहून जाते. उभ्या उभ्या पडून ७४ व्या वर्षी मनगट मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची ती सूचना आहे. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, प्रकरण मिटलं, असं सगळे धरून चालतात. मिटलेलं नसतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी का आणि औषध सुरू करावं का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आज मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा असू शकतो. मला हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण खुब्याच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या घरी मी जाते, त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं मनगट काही वर्षांपूर्वी मोडलेलं असतं.

हे सगळं ठीक असेल तर घरीच पाय तपासा. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत त्या किती वेळा पूर्ण उठून बसतात, ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर मांड्यांची ताकद कमी आहे. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते पाहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असं आम्ही धरतो. तिसरं, ओट्याजवळ उभं राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून १० सेकंद टिकता येतं का? प्रत्येक वेळी कुणीतरी हाताच्या अंतरावर उभं हवंच. आकडे परीक्षेच्या निकालासारखे वाचून दाखवू नका. वहीत तारखेसह लिहून ठेवा. तीन आठवड्यांनी तीच वही आईंपुढे धरा, माझ्या दहा वाक्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

आता व्यायाम. "चालवा" हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या १०८ अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, २३ हजारांहून जास्त लोकांचा. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाला ताकदीची जोड दिली तिथे घट सुमारे ३४ टक्के होती. नुसत्या चालण्याने किती फरक पडतो, हे मात्र त्यात स्पष्ट झालं नाही. मला यात नवल वाटत नाही. सरळ, सपाट वाटेवर चालताना तोल सावरायची वेळच येत नाही, मग तो शिकणार कुठून? जागतिक आरोग्य संघटनाही ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

सुरुवात खुर्चीपासून. उशी ठेवून बैठक उंच करा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, अंग पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं आणि श्वास सोडत उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. पाच वेळा, दिवसातून तीनदा. सहज जमू लागलं की उशी काढा. मग स्वयंपाकघरातल्या ओट्याला दोन्ही हात लावून टाचा उचलणं, ओट्याच्या कडेने आडवं चालणं, पावलं जवळ आणून उभं राहणं, मग एक पाय दुसऱ्याच्या पुढे. आधी पूर्ण हात टेकलेले, मग दोन बोटं, मग एक, मग हात ओट्याच्या वर, नुसता तयार. यात थोडं डळमळलंच पाहिजे. काहीच डळमळत नसेल तर शरीर काही शिकत नाही, आणि धडकी भरत असेल तर तो त्या दिवसापुरता जास्त आहे. मांड्या दुसऱ्या दिवशी दुखल्या तर चालेल. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. आणि खाण्यात डाळ, अंडं, मासळी यांतलं काहीतरी दोन्ही वेळा असू दे. पेज आणि लोणच्यावर स्नायू भरत नाहीत.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत साखळीच्या एका निवृत्त गुरुजींकडे मी सहा आठवडे जात होते. खुर्चीतून उठणं ५ वरून ११ वर आलं, ओट्याशी तोल छान. मी समाधानाने भेटी थांबवल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई भेटल्या, म्हणाल्या, "व्यायाम रोज करतात, पण घराबाहेर एकदाही पडले नाहीत." गुरुजी अंगणात उतरताना पडले होते आणि मी त्यांना एकदाही त्या पायरीवर नेलं नव्हतं. पायांत ताकद आली म्हणून त्या पायरीवरचा भरवसा आपोआप येत नाही. जिथे गेला तिथेच तो परत मिळवावा लागतो. मी पुन्हा गेले, आणि या वेळी पहिल्या दिवसापासून पायरीवर काम केलं.

म्हणजे इथपर्यंत क्रम असा: आधी पडण्याचं कारण, मग पाय, मग ती जागा. तुमच्या घरी ती जागा तुळस आहे.

दोन-तीन आठवडे ओट्याशी झाले की सकाळी दहाच्या सुमाराला, दंव सुकल्यावर, आईंना फक्त उंबरठ्यापर्यंत न्या. तिथे उभं राहून त्यांना विचारा: शून्य ते दहात भीती किती? तीन-चार म्हणाल्या तर तिथेच थांबा, श्वास सोडू दे, बोलू दे, दोन-चार दिवस तेवढंच करा. आकडा एक-दोनवर आला की पुढचा टप्पा. सात म्हणाल्या तर एक पाऊल मागे, आणि त्यात काही बिघडलं असं वागू नका. मग बलकांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) सोप्यावर, म्हणजे बाकावर, बसणं, मग पहिली पायरी, मग अंगण, मग तुळशीला हात लावून परत. हे सगळं रिकाम्या हातांनी.

तांब्या त्यानंतर. तो मी वेगळा शिकवते, कारण भरलेल्या तांब्याने तीन गोष्टी एकदम होतात. एक हात अडकतो, नजर पाण्यावर जाते आणि मन पाणी सांडू नये याकडे लागतं. पायाकडे काहीच उरत नाही. तुमच्या आई पडल्या तेव्हा बहुधा हेच झालं असणार. म्हणून आधी खोलीत रिकामा तांब्या घेऊन चालणं, मग चतुर्थांश पाणी, मग अर्धा. अंगणातही तोच क्रम, तांब्या एका हातात आणि दुसरा कठड्यावर. पूर्ण भरलेल्या तांब्याची गरजच नाही. तुळशीजवळ पाण्याची बादली ठेवलीत तर रिकामा तांब्या नेऊनही पूजा होते. म्हार्दोळच्या एका काकींनी हे मला शिकवलं, मी त्यांना नाही.

पायरीची व्यवस्था मात्र तुम्ही करायची आहे, आणि पाऊस यायला अजून अवकाश आहे म्हणून आत्ताच करा. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्यावर जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच शेवाळ धरतं. सगळ्यात जास्त पागोळ्या पडतात त्या रेषेत, आणि नेमकी तीच जागा पाय ठेवायची असते. पायरीवर खरबरीत सिमेंटचा हात फिरवा, किंवा घसरण थांबवणाऱ्या पट्ट्या लावा. पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी बाजूला काढा. पावसात दर आठवड्याला ब्लिचिंग पावडर टाकून ब्रशने घासा. दोन्ही बाजूंना कठडा हवा, कारण उजवं मनगट अजून कुरकुरत असेल तर त्यांना चढताना आणि उतरताना वेगवेगळा हात लागेल. आत न्हाणीत धरायला दांडी, रात्रीचा छोटा दिवा. दाराशी सरकणारं पायपुसणं असेल तर उचला. पाय झिजलेल्या रबरी चपलेत नको, मागून पट्टा असलेल्या, घट्ट बसणाऱ्या चपलेत हवा. गाऊन घोट्याच्या वर शिवून घ्या.

काठी द्यावी का? तात्पुरती, बाहेरच्या वाटेसाठी, चालेल. हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, आणि खालचं रबरी बूच झिजलेलं नसावं. आजोबांची जुनी काठी कोपऱ्यात आहे म्हणून तीच देतात, ती बहुतेक वेळा उंच असते आणि खांदा वर ढकलते.

अजून एक प्रश्न त्यांना विचारा. मी तो हल्ली सगळ्यांना विचारते: भीती पडण्याची वाटते, की पडून राहण्याची? बऱ्याच जणी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, पडून राहण्याची. घरात कुणी नसताना, हाक कुणाला ऐकू न जाता. तुमच्या आई त्या सकाळी किती वेळ एकट्या पायरीवर होत्या, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भीती तिथे असेल तर जमिनीवरून उठायला शिकवणं हेच औषध. जाड गादीवर सराव करा: कुशीवर वळायचं, कोपर टेकून ओणवं व्हायचं, गुडघ्यांवर रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर दोन्ही कोपरं टेकायची, जास्त बळकट पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं आणि उठायचं. कोपरं अशासाठी की उजव्या मनगटावर भार येऊ नये. गुडघे फार दुखत असतील तर हे फिजिओथेरपिस्टसमोरच करा. आणि मोबाईल गळ्यात अडकवता येईल अशी पिशवी शिवून द्या, नुसता खाटेवर पडलेला मोबाईल काही कामाचा नाही.

घरातल्यांनी दोन गोष्टी बंद करायच्या. आई चालत असताना मागून "सांभाळ!" असं ओरडायचं नाही. दचकून त्या वळतात, आणि वळताना तोल सहज जातो. दुसरं, त्यांना जमणारं काम त्यांच्या हातून काढून घ्यायचं नाही. पाण्याचा पेला स्वयंपाकघरातून त्यांनीच आणू दे. पोळीचं पीठ उभ्याने मळू दे. पाव आणायला फाटकापर्यंत जाणं हे महिन्या-दोन महिन्यांनी गाठायचं ठिकाण म्हणून आत्तापासून ठरवून ठेवा, पोदेरालाही सांगा की थोडं थांब. देऊळ त्यानंतर, गर्दी नसलेल्या वारी, दुपारी.

"परत पडली तर?" या तुमच्या प्रश्नाला मी "पडणार नाहीत" असं उत्तर देऊ शकत नाही. ६५ च्या पुढचे साधारण तिघांतले एक जण वर्षातून एकदा तरी पडतात, त्यात चांगले चालणारेही असतात. पण बळकट मांड्या, वेळेवर तपासलेली हाडं आणि उठता येण्याची सवय असेल तर पडण्याची वेळ कमी येते, आणि आली तरी बहुतेकदा निभावून जातं. बसवून ठेवलेल्या माणसाकडे यातलं काहीच उरत नाही.

सोबत चालताना त्यांचा दंड धरून ओढू नका, त्याने त्यांचा तोल तुमच्याकडे कलतो. बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा, हात त्यांच्या कमरेमागे तयार ठेवा, पण लावू नका. पायऱ्या चढताना तुम्ही एक पायरी खाली, त्यांच्या मागे. उतरतानाही एक पायरी खालीच, पण त्यांच्याकडे तोंड करून. हात पुढे असू दे. धरायचा की कठड्यावर भागवायचं, ते त्यांना ठरवू दे.